इंजिन रुळेपर्यंत

वहिनी सासरी आल्या त्या कोऱ्या करकरीत मोटारीतून. माहेरची अख्खी गल्ली निरोप द्यायला उभी होती. आत्याबाईंनी गाडीच्या दारावरून हात फिरवला आणि शेजारणीला नीट ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "पोरीनं नशीब काढलं." गल्ली दिसेनाशी होईपर्यंत वहिनी मागच्या सीटवरून हात हलवत राहिल्या. त्यांनाही तसंच वाटत होतं. मुलगा मोटारींच्या धंद्यात आहे, एवढंच घरात बोललं गेलं होतं. मोटार त्याची आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. पण नाही, असंही कुणी म्हटलं नव्हतं.

त्या काळी नव्या गाड्या ट्रेलरवर लादून आणायची पद्धत तिकडे आली नव्हती. कारखाना डोंगराच्या एका बाजूला, शोरूम दुसऱ्या बाजूच्या गावात. शोरूमचा माणूस बसनं कारखान्यात जायचा आणि गाडी स्वतः चालवत घाटातून घेऊन यायचा. नव्या इंजिनाचे भाग एकमेकांशी जुळवून घेईपर्यंत, म्हणजे इंजिन रुळेपर्यंत, गाडी जपून न्यावी लागे, त्यामुळे दोन दिवस मोडत. हे काम दादांकडे होतं. शोरूममध्ये सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून पुढे त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणायला लागले. ते नाव असं काही चिकटलं की सासूबाईसुद्धा लहर आली की "काय वहिनी, चहा मिळेल का?" म्हणून थट्टा करत.

पण त्या दिवशी वहिनींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मालकांनी दादांना लग्नाची रजा दिली होती ती येताना कारखान्यातून एक गाडी आणायच्या बोलीवर, हेही ठाऊक नव्हतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच की नवरा फार हळू चालवतो. ट्रक पुढे जात होते, बसगाड्या पुढे जात होत्या. एक भाजीचा टेंपो कुथत कुथत आला आणि तोही पुढे गेला. मागच्या काचेला आतून एक पुठ्ठा चिकटवला होता. वहिनींना त्याची कोरी बाजू दिसत होती. बाहेरच्या बाजूला काय लिहिलंय ते कळत नव्हतं, पण मागून येणारा जो तो ते वाचून हसत होता.

सीटवरचं प्लास्टिक उन्हानं तापून पाठीला चिकटायला लागलं. वहिनींनी हळूच त्याचा एक कोपरा सोडवायला घेतला.

"ते राहू दे," नवरा आरशातून म्हणाला. दोघंच असताना तो बायकोशी बोलला ते पहिलं वाक्य हे.

पुष्कळ वेळानं वहिनींनी धीर केला. "सगळे पुढे चाललेत."

"जाऊ देत. त्यांच्या गाड्या जुन्या आहेत."

जुन्या गाड्यांनी पुढे जायचं आणि नव्या गाडीनं मागे राहायचं, हा हिशेब वहिनींच्या डोक्यात शिरेना. आपल्या वाट्याला भित्रा नवरा आला की काय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

घाटाच्या पायथ्याशी एक उतारू लोकांची खाणावळ होती. तिथं मुक्काम पडला. खाणावळवाल्या बाईंनी वहिनींना वरची खोली उघडून दिली. नवरा "तू झोप" म्हणाला आणि पांघरूण घेऊन खाली गेला. सकाळी वहिनी चहाचे दोन कप घेऊन अंगणात आल्या, तर हा लांबलचक माणूस गाडीच्या मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून झोपलेला. गाडीला वळसा घालताना पुठ्ठ्यावरची अक्षरं त्यांनी पहिल्यांदा वाचली: 'गाडी नवी आहे. इंजिन रुळतंय. तुम्ही पुढे व्हा.'

एक कप टपावर ठेवून त्यांनी काचेवर टकटक केली. "इथं का झोपलात? कुलूप लागत नाही का हिला?"

"लागतं की," दादा डोळे चोळत म्हणाले. "पण दुसऱ्याची वस्तू. नजरेसमोर बरी."

"दुसऱ्याची म्हणजे?"

"गावात दातांचे डॉक्टर आहेत, त्यांची. आज संध्याकाळी त्यांच्या दारात उभी करायची."

वहिनींच्या हातातला कप हातातच राहिला. "मग आपली कुठंय?"

"आपली सायकल आहे," दादा अगदी सरळपणानं म्हणाले.

घाट चढायला लागले. प्रत्येक वळणावर वहिनींच्या डोळ्यांपुढे आत्याबाईंचा चेहरा. अर्ध्या चढावर दादांनी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि इंजिन गार व्हायला ठेवलं. वहिनी उतरून कठड्यावर बसल्या. गार वाऱ्यानं जरा बरं वाटलं.

"तुला कुणी सांगितलं नव्हतं होय?" दादांनी विचारलं.

"नाही."

"मला वाटलं, सांगितलं असेल."

त्यांचा चेहरा इतका पडला होता की वहिनींना राग धरून ठेवणं जड जाऊ लागलं. मग त्यांना आठवलं, आत्याबाईंनी आपल्या रुमालानं गाडीचा आरसा पुसला होता, जावयाचा म्हणून. दंतवैद्याचा आरसा. वहिनींना हसू फुटलं. आधी दाबलं, मग आवरेना. हसता हसता त्यांनी पोट धरलं. दादा आधी गोंधळून बघत राहिले; मग आत्याबाईंच्या रुमालाचं कळल्यावर तेही हसायला लागले. वरून खाली जाणाऱ्या एका ट्रकवाल्यानं या उघड्या बॉनेटपाशी हसणाऱ्या जोडप्याकडे मान वळवून वळवून पाहिलं.

तिथून पुढे वहिनी पुढच्या सीटवर बसल्या. जळका वास कसला, म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा दादांनी सांगितलं की नव्या सायलेन्सरवरचा रंग जळतोय, घाबरायचं नाही. आणि मग जो माणूस कालपासून चार वाक्यं बोलला नव्हता तो बोलतच सुटला. इंजिनाला एकाच वेगात फार वेळ ठेवायचं नाही, त्याला कंटाळा येतो. चढाला रेटायचं नाही. आवाज जड झाला की गिअर खाली घ्यायचा. उताराला ब्रेकवर उभं राहायचं नाही, ब्रेकसुद्धा नवेच असतात. पहिल्या काही दिवसांत जी सवय लागते ती गाडीला जन्मभर पुरते. वहिनींना निम्मं समजलं नाही, पण ऐकायला बरं वाटत होतं. संध्याकाळी डॉक्टरांच्या दारात गाडी सोडली, वहिनींची ट्रंक दादांनी शोरूममधून आणलेल्या सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि दोघं चालत घरी गेली.

वहिनी गाडी चालवायला शिकल्या ती अगदी साधी गरज म्हणून. लग्नाला काही वर्षं झाली होती, लेक पायांवर उभी राहून घरभर फिरत होती. गावात गाड्यांना मागणी वाढली आणि शोरूमला दुसरा पोचवणारा टिकेना. जो यायचा तो सपाटीवर आला की पाय दाबायचा. गाडी वेळेआधी पोचायची आणि महिन्याभरात गिऱ्हाईक तक्रार घेऊन यायचं. मालक वैतागले होते. एक दिवस दादा म्हणाले, "आमच्या घरात एक माणूस आहे. चालवता येत नाही, पण शिकवतो."

"मेव्हणा?"

"बायको."

मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "दादा, गाडी नवी आणि चालवणारीही नवी?"

"तेच तर," दादा म्हणाले. "जो पळवायला शिकलाय त्याला हळू चालवायला शिकवणं महाकठीण. हिला पळवायची सवयच लागलेली नाही."

मालक हसले आणि मग विचारात पडले. वहिनींना विचारलं तेव्हा त्यांनी आधी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई खिडकीशी बसून लोकरीचा गुंडा सोडवत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "बाईनं गाडी चालवू नये असं मी म्हणत नाही. पण तू गेल्यावर स्वयंपाकाचं काय, पोरीचं काय?" कुणी काही बोलायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं. "मीच बघेन म्हणा. तू असताना कुठं माझ्या हातचं कुणी खातंय? नसलीस की खातील."

शोरूमच्या मागे मोकळं आवार होतं आणि सामान वाहायची एक खिळखिळी जुनी पिकअप होती. तिच्यावर दादांनी शिकवलं. आधी बरेच दिवस नुसतं ऐकायला लावलं. पिकअप जागेवर उभी करून ते ॲक्सिलरेटर कमीजास्त करायचे आणि वहिनींनी डोळे मिटून सांगायचं की आता इंजिन खुशीत आहे की त्रासलंय. धुणंभांडी आटोपून आलेल्या वहिनी तिथं डोळे मिटून बसत त्या एकदोनदा झोपीच गेल्या. दादांनी इंजिन बंद केलं आणि त्यांना तसंच झोपू दिलं.

मग सुरू झाली ती वर्षं. पुढे आयुष्यभर वहिनी कुठलीही गोष्ट सांगायला लागल्या की ती फिरून फिरून त्याच वर्षांत यायची.

पहाटेची बस पकडून दोघं कारखान्याकडे निघत. घरात दिवसभरात दोघांना एकमेकांशी धड बोलायला होत नसे. बसमध्ये मात्र बोलायला रान मोकळं. लेकीची शाळा, सासूबाईंचे गुडघे, खोलीला कुठला रंग द्यायचा, सगळं बसमध्ये ठरायचं. उकडलेली अंडी आणि ब्रेड डब्यात असे. वहिनी खिडकीशी बसत आणि परत येताना जी वळणं घ्यायची ती उलट्या बाजूनं पाठ करत.

परतताना दोन गाड्या, दोन पुठ्ठे. दादा पुढे, वहिनी मागे, दिसत राहील इतकं अंतर ठेवून. खिडकीबाहेर टेकलेल्या कोपरावरून वहिनींना दादांची मनःस्थिती कळायची. कोपर आत गेलं म्हणजे पुढे खराब रस्ता. मागचे दिवे दोनदा उघडझाप झाले म्हणजे चहा. खिंडीच्या माथ्यावर एक टपरी होती. तिथं दोन्ही बॉनेट उघडी टाकून दोघं बाकावर बसत. टपरीवाला म्हणायचा, "दादा, तुमच्या गाड्या माझ्याकडे जितक्या वेळा येतात, तितक्या वेळा त्यांचे मालकसुद्धा येत नाहीत." समोर दरीत ढग उतरलेले असायचे. नव्या इंजिनाचा वास आणि उकळत्या चहाचा वास एकमेकांत मिसळलेला. वहिनींना त्या बाकावर वाटायचं, याहून काही जास्त हवंय असं आपल्याला का वाटत नाही, आणि मग बशी खाली ठेवून त्या उठायच्या.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हांची. दोन अविवाहित बहिणींनी मिळून एक गाडी घेतली आणि पुढे कुणी बसायचं यावरून शोरूमच्या पायरीवरच भांडण काढलं. बँडमास्तरांनी गाडीपेक्षा हॉर्न आधी तपासला. सूर लागत नाही म्हणाले. पण वहिनींच्या आठवणीतलं पहिल्या नंबरचं गिऱ्हाईक म्हणजे लाकडाच्या वखारीचे मालक. एकाच रंगाच्या दोन गाड्या आल्या होत्या, एक वखारवाल्यांची आणि एक शाळेच्या मुख्याध्यापकांची. वखारवाले स्वतः शोरूमच्या दारात हजर. वहिनींना गाडीतून उतरताना बघून ते मालकांना म्हणाले, "ही बाईनं आणलेली मास्तरांना द्या. मला दादांनी आणलेली द्या. उगाच क्लच-बिच बिघडलेला नको."

मालकांनी दादांकडे पाहिलं. दादांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी पदार्थविज्ञानाच्या तासाला बसल्यासारख्या गंभीर. दादांनी आपल्या गाडीची किल्ली पुढे केली आणि वखारवाले ती घेऊन ऐटीत निघून गेले. खरी गोष्ट अशी होती की टपरीपाशी दादांची पाठ धरली होती. त्यांच्या गाडीची सीट मागे सरकत नव्हती, म्हणून दोघांनी गाड्या बदलल्या होत्या आणि गावाच्या वेशीवर पुन्हा आपापल्या घेतल्या होत्या. दादांच्या गाडीनं सगळा चढ कारखान्यापासून दादांच्या हाताखाली चढला असेल, पण घाटाचा अख्खा उतार वहिनींनी उतरवला होता. घरी येईपर्यंत दोघं काही बोलली नाहीत. दार लावल्यावर हसून हसून पुरेवाट झाली. वखारवाले पुढे कितीतरी वर्षं चारचौघांत सांगत, "गाडी आणावी तर दादांनीच. क्लच बघा, अजून लोण्यासारखा आहे."

लेक शाळेत वरच्या वर्गात गेली, त्या वर्षातली गोष्ट. पाऊसपाणी नव्हतं, रस्ता कोरडा होता, दुपारचं स्वच्छ ऊन. टपरीवरचा चहा झाला आणि दोन्ही गाड्या उताराला लागल्या. दादा नेहमीप्रमाणे दुसऱ्या गिअरमध्ये. थोड्या वेळानं वहिनींच्या लक्षात आलं की पुढच्या गाडीचे लाल दिवे लागतायत, विझतायत, पुन्हा लागतायत, आणि गाडी मात्र हळू होत नाहीये. मग त्यांना रस्त्यावर ओली रेघ दिसली. पुढच्या गाडीखालून थेंब थेंब सांडत गेलेली. त्याच क्षणी दादांचा हॉर्न सुरू झाला आणि तो थांबेना.

ब्रेक ऑइलचा पाइप कुठंतरी सुटला होता. दादा हँडब्रेक ओढत होते, पण तो नवा, त्यानं पकड घेतलीच नव्हती. पहिला गिअर पडत नव्हता. डोंगराला गाडी घासावी तर ती बाजू समोरून येणाऱ्यांची, आणि आपल्या बाजूला दरी. पुढे एक लांब सरळ उतार होता आणि त्याच्या शेवटी उलटं फिरणारं वळण. ते वळण वहिनींना डोळे मिटून ठाऊक होतं. या वेगात तिथं गाडी वळणार नव्हती.

नंतर वहिनी सांगत की विचार असा काही केलाच नाही. उजव्या पायानं, इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं: ॲक्सिलरेटर तळाला टेकवला. रुळायचं बाकी असलेलं ते इंजिन किंचाळत उठलं. त्या दादांच्या बरोबरीला आल्या. दादांनी हात जोरजोरात हलवून 'नको, जा, पुढे निघून जा' अशी खूण केली. दादांचा चेहरा इतका पांढरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्या पुढे गेल्या, पण निघून गेल्या नाहीत. दादांच्या अगदी समोर आल्या आणि वेग कमी करत, करत, आरशात त्यांची गाडी मोठी मोठी होत जाताना बघत राहिल्या.

आवाज फार मोठा झाला नाही. खट्ट झालं, गाडी पुढे ढकलल्यासारखी झाली, मान मागे गेली. बंपरला बंपर टेकला होता. मग वहिनींनी ब्रेक दाबला. एकदम नाही, दाबला, सोडला, दाबला, जसं शिकवलं होतं तसं. दोन गाड्यांचं वजन एका गाडीच्या ब्रेकवर. जळका वास गाडीत भरला. मागून दादांनी स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं होतं. वळणाचे चुना लावलेले दगड जवळ आले, अजून जवळ आले, आणि दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटलेल्या तशाच थांबल्या.

दादा उतरले, वहिनींच्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "बॉनेट उघड. इंजिन तापलं असेल."

वहिनींना स्टिअरिंगवरचे हात सोडवेनात. दादांनी एकेक बोट उलगडून ते सोडवले. मग बॉनेट कुणी उघडलं नाही. दोघं रस्त्याच्या कडेला बसली. दादांनी पाण्याची बाटली वहिनींपुढे धरली. "तुम्ही हात हलवून जा म्हणालात मला," वहिनी म्हणाल्या आणि रडायला लागल्या. "जा म्हणालात."

"चुकलं," दादा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मालक मेकॅनिकला घेऊन आले. दादांच्या गाडीला पाइप आणि बंपर बदलला की झालं, असं ठरलं. वहिनींच्या गाडीचं इंजिन सुरू केलं, तर मागून निळसर धूर, म्हणजे इंजिन ऑइल जाळायला लागलेलं. मेकॅनिकनं मान हलवली. मालकांनी विचारलं, "वहिनी, किती वेगानं नेलीत?"

"काट्याकडे बघायला सवड नव्हती."

मालकांनी खाली वाकून तो चेपलेला बंपर पाहिला. नोकरी गेली, असं वहिनींनी धरलंच होतं. मग मालक म्हणाले, "ही आता नवी म्हणून कुणाच्या दारात उभी करता येणार नाही. तुम्ही दोघं घेता का? पगारातून हळूहळू वळतं करू." थोडं थांबून म्हणाले, "मलाही बरं वाटेल."

अशी दादा-वहिनींच्या दारात पहिली गाडी आली. ती जन्मभर ऑइल प्यायली. दर थोड्या दिवसांनी दादा ऑइलचा डबा घेऊन बॉनेट उघडत, बाळाला औषध पाजावं तसं हलक्या हातानं ओतत आणि म्हणत, "हा हिचा खुराक." इंजिन खोलून नवीन रिंगा घालू, असं मेकॅनिक कितीदा तरी म्हणाला. दादांनी हात लावू दिला नाही. पहिल्याच सुट्टीत गाडी घेऊन ते वहिनींच्या माहेरी गेले. आत्याबाई आता थकल्या होत्या, नजर अधू झाली होती. त्यांनी चाचपडत गाडीच्या दारावरून हात फिरवला.

"तीच ना गं ही? लग्नातली?"

"हो आत्या, तीच," वहिनी म्हणाल्या.

"कशी टिकवलीय जावयांनी," आत्याबाई म्हणाल्या, आणि दादांनी घाईघाईनं तोंड दुसरीकडे फिरवलं.

मग एका वर्षी घाटात ट्रेलर दिसला. त्याच्या पाठीवर वर-खाली कोऱ्या गाड्या बांधलेल्या. दादा आणि वहिनी टपरीच्या बाकावर होते. ट्रेलर धापा टाकत खिंड ओलांडून जाईपर्यंत दोघं बघत राहिली. गाड्यांच्या काचा बंद, आत कुणी नाही. "यांचं इंजिन कोण रुळवणार?" वहिनींनी विचारलं. दादा म्हणाले, "ज्याचं त्यानं." त्यानंतर फारशा फेऱ्या झाल्या नाहीत. मालकांनी दादांना शोरूममध्ये बसवलं. वहिनी गावातल्या बायकांना गाडी शिकवायला लागल्या, पिकअप सोडून जरा बऱ्या गाडीवर. सासूबाई गेल्या. निळ्या धुराची गाडी एके दिवशी कुठल्याच उपायानं सुरू होईना. काही वर्षांपूर्वी दादाही गेले, फार आजारी न पडता, दुपारची झोप घेता घेता.

यंदा लेकीची बदली डोंगरापलीकडच्या शहरात झाली. ती बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. तिनं नवी गाडी घेतली आणि म्हणाली, "आई, महिनाभर तूही चल माझ्याबरोबर." गाडी घ्यायला दोघी शोरूममध्ये गेल्या. जुन्या मालकांचा नातू समोर होता. वहिनींनी विचारलं, "रुळेपर्यंत किती वेगानं न्यायची?"

"आता असलं काही लागत नाही, आजी. पहिल्या दिवसापासून पळवा."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

डोंगरातून आता बोगदा झालाय. लेक बोगद्याच्या फाट्यावर वळणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "घाटानं जाऊ या का?" लेकीनं घड्याळात पाहिलं, आईकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडून गाडी जुन्या रस्त्याला घातली. खिंडीत आता टपरी नव्हती. गवतात चौथरा तेवढा उरला होता. तिथं थांबल्यावर लेकीनं किल्ली पुढे केली. "घे. मघापासून तुझा पाय ब्रेक दाबतोय."

वहिनी उताराला लागल्या. नव्या गाडीला आवाजच नव्हता. इंजिन खुशीत आहे की त्रासलंय, काही पत्ता लागेना. तरी त्या आपल्या दमानं निघाल्या. दोन-तीन गाड्या हॉर्न वाजवून पुढे गेल्या. लेक सुरुवातीला फोन बघत होती. मग रेंज गेली आणि तिनं फोन पिशवीत टाकला. खिडकी खाली केली. बराच वेळ दरीकडे बघत राहिली.

"तुम्ही दोघं जायचात ना," ती म्हणाली, "तेव्हा मी पायरीवर बसून राहायचे. दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच. आजी हाका मारून दमायची, मी आत जायचे नाही."

वहिनींनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "सासूबाई कधी बोलल्या नाहीत."

"मीच बोलू नकोस म्हटलं होतं. मला वाटायचं, तुला कळलं तर तू जायची थांबशील."

"थांबलेच असते."

"माहितीय."

वळण आलं. वहिनींनी गाडी अलगद फिरवली, सरळ केली. इतकी वर्षं ज्या दिवसांना त्या मनात कुरवाळत आल्या, त्या दिवसांच्या दुसऱ्या टोकाला एक लहान मुलगी पायरीवर बसलेली होती, आणि हे त्यांना आज कळत होतं.

"तक्रार नाही करत गं," लेक म्हणाली. "बाबा गेल्यापासून सांगायचं होतं. घरी कधी निवांत बोलणंच होत नाही. तुला ते दिवस आवडायचे ना?"

"फार," वहिनी म्हणाल्या. खोटं बोलावंसं वाटलं नाही. "इतके आवडायचे की आता लाज वाटतेय."

"लाज कसली," लेक म्हणाली. "मला तुमचं येणंही आठवतं. बाबांचे हात काळे, तुझे केस उडालेले. दोघं घरात शिरायचात ते अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे चालू ठेवत."

वहिनींनी विचारलं, "इतका वेळ पायरीवर बसून करायचीस काय?"

लेक हसली आणि सांगायला लागली. समोरच्या घरातल्या मांजरीचं, आजीनं पायरीवरच आणून भरवलेल्या जेवणाचं, प्रत्येक नव्या गाडीचा रंग आधीच ओळखायच्या खेळाचं. वहिनी ऐकत होत्या. मधेच "अस्सं?" म्हणत होत्या. घाट संपून सपाट रस्ता लागला, मागून एकानं दिवे दाखवले. वहिनींनी त्याला हातानं पुढे जायची खूण केली आणि गाडीचा वेग होता तेवढाच ठेवला. लेकीनंही घाई केली नाही.